दादाने दाखवलेलं ल्युबेक

ल्युबेक हे शहर मी एका दिवसात, सबंध पायी बघितलं. दाखवणारा माझा सख्खा थोरला भाऊ होता. इतक्या बारकाईने त्याने ते दाखवलं की तिथल्या गल्ल्या मी आजही डोळे मिटून सांगू शकेन. स्वतःचं घर मात्र त्याने दाखवलं नाही.

दादा पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जहाजबांधणी शिकायला जर्मनीत गेला. जाण्याच्या आदल्या वर्षीच त्याचं लग्न झालं होतं. आमचं घर सांगलीला. वडील शाळेत गणित शिकवायचे. सुरुवातीला दादाची पत्रं दर आठवड्याला यायची. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, खोली मिळाली की हिला बोलावून घेतो, तोवर हिला बूट-मोजे घालून चालायची सवय होऊ दे, इथल्या थंडीत चपला चालत नाहीत. वडिलांनी कॅनव्हासचे बूट आणून दिले. दुपारी आई आडवी झाली की वहिनी ते घालून परसात, शेजारच्या बायकांना दिसणार नाही अशा बेताने, विहिरीपासून न्हाणीघरापर्यंत येरझाऱ्या घालायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला हसू यायचं आणि तीही हसायची. पुढे पत्रं महिन्याने यायला लागली, मग सणावारी, मग वर्षाकाठी एखादं चित्राचं कार्ड. कार्डावर पाणी, पाण्यामागे विटांचे उंच मनोरे, आणि मागे दोन ओळी: मी ठीक आहे, काळजी नसावी. बुटांना बुरशी धरली. वहिनीने ते पुसून माळ्यावर टाकले.

मला ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा घरात माझ्या शिक्षणापेक्षा दादाच्या शोधाचीच चर्चा जास्त झाली. आई म्हणाली, "त्याला घेऊन ये, नाहीतर हिला बोलावून घ्यायला सांग. दोन्हीतलं एक झालं पाहिजे." मी निघायच्या दिवशी डबा बांधून देताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, ते राहतात ते गाव नीट बघून या. रस्ते कसे आहेत, बायका बाजाराला कुठे जातात, सगळं. इथे बसून मला काहीच डोळ्यापुढे येत नाही."

पहिलं सत्र भाषा शिकण्यात आणि आजारी पडण्यात गेलं. मार्चच्या सुट्टीत मी दादाला पत्र टाकलं. उत्तर लगेच आलं. शनिवारी सकाळी पोचणाऱ्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन, संध्याकाळची परतीची गाडी सोयीची आहे. परतीच्या गाडीचं वाचून मला जरा खटकलं. मी दोन दिवस राहायच्या तयारीने कपडे बांधले होते. ते मी काढले नाहीत.

स्टेशनवर मी त्याला ओळखलं ते चालीवरून. करडा ओव्हरकोट, हॅट, गळ्याशी मफलर. अंगाने भरला होता. मी वाकून नमस्कार करायला लागलो तर त्याने मधेच दंड धरून उभं केलं आणि हात पुढे केला. आम्ही हस्तांदोलन केलं. पाच-सहा वर्षांनी भेटणारे भाऊ आम्ही, परक्या माणसांसारखे हात हलवत उभे राहिलो.

"पिशवी लॉकरमध्ये टाकू," तो म्हणाला. "आल्झो, चल. दिवस कमी आहे आणि बघण्यासारखं पुष्कळ आहे." आल्झो म्हणजे तर मग; हा जर्मन शब्द त्याच्या तोंडी बसला होता.

ल्युबेकचं जुनं गाव हे बेट आहे. नदीचे फाटे आणि कालवा यांनी ते चहूबाजूंनी वेढलेलं आहे, आणि स्टेशन पाण्याच्या अलीकडे आहे. पूल ओलांडायच्या आधी एक वेस लागते. तिचे दोन जाडजूड मनोरे आपल्याच वजनाने जमिनीत खचून एकमेकांकडे झुकले आहेत. दादा तिथे थांबला आणि समजावून सांगायला लागला. उत्तरेकडच्या व्यापारी शहरांचा एके काळी मोठा संघ होता, त्याची ही राजधानी. राजा नाही, सरदार नाही, नुसते व्यापारी. नदीकाठची ती लांब विटांची घरं मिठाची कोठारं होती. मीठ इथून जायचं, उत्तरेची खारवलेली मासळी इथे यायची. तो छान बोलत होता. वडिलांचीच पद्धत होती ती, आधी मुद्दा, मग उदाहरण. मी ऐकत होतो आणि वाट बघत होतो, की हे संपलं की तो विचारील, आई कशी आहे.

पूल ओलांडून आम्ही बेटावर आलो. गाव आकाराने एवढंसं, पण घरं एकमेकांना चिकटून, चिंचोळी, उंच, विटांची, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी माथ्यांची. मधोमध उंचवट्यावरून मोठा रस्ता जातो आणि त्याला दोन्ही बाजूंनी उतरत्या गल्ल्या फुटतात. कुठल्याही गल्लीच्या टोकाला पाणी. दादा मला एका गल्लीने खाली नेई, काठाकाठाने चालवी आणि दुसऱ्या गल्लीने पुन्हा वर आणी. मधेच ओळीतलं घर नसायचंच. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा तुकडा जळाला होता. त्या जागी कुठे झुडपं वाढली होती, कुठे काचेची नवी दुकानं उभी राहिली होती. मोठ्या चर्चभोवती अजून परांची होती. आत मनोऱ्याच्या तळाशी, आगीत वरून कोसळलेल्या घंटा पडल्या होत्या तशाच फुटक्या, फरशीत रुतून राहू दिल्या होत्या.

दादाने हॅट काढून हातात धरली. "हलवल्या नाहीत त्यांनी," तो हळू आवाजात म्हणाला. "जे झालं ते दिसू दे म्हणून."

मी म्हणालो, "दादा, आईला मोतीबिंदू झालाय."

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे बरोबर. मग काय बोललो ते लक्षात येऊन म्हणाला, "हो का? ऑपरेशन करून घ्या म्हणावं. मिरजेला चांगलं होतं." आणि चर्चची कमान किती उंच आहे ते सांगायला लागला.

दुपारी धक्क्यावर एका टपरीपाशी त्याने दोन पाव घेतले. पावात कच्ची, आंबवलेली मासळी आणि कांदा. माझ्या हातात एक देऊन तो उभ्याउभ्या खायला लागला. मी मासे खात नाही, आमच्या घरात कोणीच खात नव्हतं, हे त्याला आठवायला तो पाव अर्धा संपावा लागला. मग "अरे हो," म्हणाला आणि माझा पाव स्वतःच खाल्ला. मी कॉफी प्यायलो. वारा पाण्यावरून सरळ कोटात शिरत होता. मी विचारलं, "थोडा वेळ तुझ्या खोलीवर जाऊन बसू या का? माझे पाय गारठलेत."

"खोलीवर काय आहे बघण्यासारखं," तो म्हणाला. "चल, तुला गांग दाखवतो. हे जर्मनीत दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही."

गांग म्हणजे बोळ. रस्त्यावरच्या घराच्या भिंतीत कमानीसारखं ठेंगणं भुयार असतं. वाकून आत गेलं की मागच्या परसात एक आख्खी वस्ती निघते. दोन्ही बाजूंना खेळण्यातल्यासारखी बुटकी घरं, मधे हातभर वाट, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पूर्वीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या गडीमाणसांसाठी मागच्या अंगणात ही घरं बांधली आणि भाड्याने लावली. बेटावर जागा नाही, तेव्हा माणसं मागे लपवायची. आता तिथे पूर्वेकडून घरंदारं सोडून आलेली निर्वासित कुटुंबं दाटीने राहत होती. एक म्हातारी उंबऱ्यात बटाटे सोलत बसली होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि भांडं उचलून आत गेली, दार लावून घेतलं.

गांगामागून गांग झाले. एका भुयारातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उंचवट्यावरच्या रस्त्याने जाताना एका विशिष्ट गल्लीचं तोंड जवळ आलं की दादा रस्ता ओलांडतो, किंवा आधीच्या गल्लीत वळतो. मी मुद्दाम म्हणालो, "ही गल्ली राहिली."

"तिथे काही नाही. नुसती राहती घरं आहेत."

"बघू या की. मला वहिनीला सांगायचंय तू कुठे राहतोस ते."

तो थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात समोरून हाक आली. हाक त्याच्या नावाची होती, पण शेवट तोडून, जर्मन धर्तीची केलेली.

एक तरुण बाई बाबागाडी ढकलत त्याच गल्लीतून वर येत होती. डोक्याला रुमाल बांधलेला, गाल वाऱ्याने लाल झालेले. गाडीत वर्षादीड वर्षाची मुलगी बसली होती. काळेभोर केस, आणि डोळे थेट माझ्या आईचे.

"तू तर कचेरीत जाणार होतास ना आज?" तिने दादाला विचारलं. रागाने नव्हे, सहज.

"हे अचानक आले," दादा जर्मनमध्ये म्हणाला. "ओळखीचे आहेत. आमच्या भागातले. ब्राउनश्वाइगला शिकतात."

बाईने हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. तिचा हात उबदार होता. "किती बरं झालं," ती म्हणाली. "याला भेटायला तिकडून कधीच कोणी येत नाही. येणार तरी कोण? आईवडील गेल्यावर याचं तिथे कोणी उरलंच नाही."

माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी दादाकडे पाहिलं. तो बाबागाडीतल्या मुलीची टोपी सारखी करत होता. टोपी सारखीच होती.

बाई माझ्याकडे निरखून बघत होती. "गंमत आहे," ती दादाला म्हणाली. "यांचे कान अगदी तुझ्यासारखे आहेत. कपाळसुद्धा."

"आमच्याकडे बहुतेकांचे असेच असतात," दादा म्हणाला आणि हसला.

"घरी चला ना, कॉफी घेऊ. केक केलाय आज. माझी आई पण आहे."

"यांची गाडी आहे," दादा म्हणाला.

गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता. मी म्हणालो, "हो, माझी गाडी आहे." त्या क्षणी त्याला वाचवायचा माझा मुळीच विचार नव्हता. त्या घरात बसून, कप हातात धरून, मेलेल्या आईवडिलांविषयीचं सांत्वन ऐकून घेणं मला जमलं नसतं, एवढंच. बाईने पुन्हा हात हातात घेतला. मुलीने माझ्या कोटाचं बटण पकडलं होतं, ते तिच्या मुठीतून सोडवून घ्यावं लागलं. मग त्या मायलेकी बाजाराच्या दिशेने गेल्या.

आम्ही पाण्याकडे उतरलो. काठावर झाडांची रांग होती, अजून पालवी नव्हती. मी विचारलं, "आई कधी गेली, दादा?"

त्याने गळ्याशी मफलर घट्ट केला.

"नाही, मला सुतक पाळायला हवं होतं, म्हणून विचारतो. आणि वडील? आधी की नंतर?"

"असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

कठड्याला टेकून त्याने सांगितलं. मराठी बोलताना मधेच अडत होता, शब्द सापडला नाही की जर्मन घालत होता. दुसऱ्या हिवाळ्यात त्याला प्लुरसी झाली, छातीत पाणी भरलं. घरमालकिणीने आणि तिच्या मुलीने दोन महिने त्याची सेवा केली. मुलीचा बाप युद्धात गेला होता, भाऊ गेला होता. एकदा तिने विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे. त्याने खरं सांगितलं असतं तर बायकोचं नाव निघालं असतं. म्हणून म्हणाला, कोणी नाही. "एकदा कोणी नाही म्हटलं, की मग कोणीच नाही म्हणावं लागतं," तो म्हणाला. "आई आहे म्हटलं तर ती म्हणणार, पत्र लिहू, फोटो पाठवू."

"आणि वहिनी?"

"तिला सांग, माझी वाट बघू नकोस."

"तू सांग."

"मी काय तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने आई मेली म्हणून सांगितलंस त्याच."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं रडेल. त्याने घड्याळ बघितलं. "आल्झो," म्हणाला, "गावाच्या उत्तरेची वेस अजून राहिली आहे. बघायची का?"

मी नाही म्हटलं. एकटाच पूल ओलांडून स्टेशनावर आलो. लॉकरमधून पिशवी काढली आणि आधीच्या गाडीने निघालो. तो मागे येतोय का, हे मी वळून पाहिलं नाही. नंतर त्याचं पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

ब्राउनश्वाइगला पोचल्यावर मी वडिलांना सगळं जसंच्या तसं कळवलं. उत्तर एका महिन्याने आलं. कोणाला काही बोलायचं नाही, कोर्टकचेरी करायची नाही, सुनेला सांगितलं आहे की कंपनीने त्याला जहाजावर धाडलं आहे, पत्ता स्थिर नाही. मला संताप आला. पण हजारो मैलांवरून संताप करून काय होतं? मी आल्यावर बघू म्हणून अभ्यासाला लागलो.

सांगलीला परत गेलो तेव्हा साठचं दशक उजाडलं होतं. वहिनी तशीच होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, आईच्या डोळ्यांत औषध घालायची, वटपौर्णिमेला दोरा गुंडाळून यायची. पहिल्याच आठवड्यात ती परसात भांडी घासत असताना मी तिला सांगितलं. काही वगळलं नाही. तिचा हात चालू राहिला. कढईचं बूड चकचकीत झालं तरी ती घासतच होती.

"मूल आहे?" तिने विचारलं.

"मुलगी."

"मामंजींना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि सासूबाईंना?"

मला खोटं बोलवेना. "त्यांनाही."

तिने कढई पालथी घातली. "म्हणजे घरात फक्त मलाच जहाजावर पाठवलं होतं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं. तिने भावाला निरोप धाडला; दुसऱ्या दिवशी तो इस्लामपूरहून येऊन तिला घेऊन गेला. वडील ओटीवर बसून होते, ते उठले नाहीत. तिने तिकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि मुलींच्या शाळेत लागली. मी दोन-तीनदा भेटायला गेलो. चहा द्यायची, शाळेचं बोलायची. भाऊजी म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. नुसतं "अहो, बसा," म्हणायची. मग मीच जाणं थांबवलं.

आईने दादाला कधी दोष दिला नाही. परक्या मुलखात एकट्या पोराला कोणीतरी सांभाळलं, यात त्याचं काय चुकलं, असं ती म्हणायची. दोष माझा होता. मी उगाच जाऊन बघितलं, आणि बघितलं ते बघितलं, वर येऊन बोललो. "चांगली नांदती सून होती," ती आल्यागेल्याला सांगायची, "याने घालवली."

वडील वारले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात दादा आला. बायकोला आणि मुलीला घेऊन. आई जिवंत असल्याचं त्याने तिला केव्हा आणि कसं सांगितलं, मला माहीत नाही. आईने दारात तिघांना ओवाळलं. भाकरतुकडा उतरवून टाकला. पुरणपोळ्या झाल्या. मुलगी नऊ-दहा वर्षांची, माझ्या आईच्या डोळ्यांची. आजी बोलली की तिला थोडं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आई त्या न कळणाऱ्या उत्तरावरही खूश होती. दादा रोज सकाळी दोघींना घेऊन पायी निघायचा. घाट, गणपतीचं देऊळ, हळदीची पेठ. तसाच, आधी मुद्दा आणि मग उदाहरण.

त्या तिघांना माडीवरची खोली दिली होती. एका दुपारी दादा झोपला असताना त्याची बायको माझ्यापाशी ओटीवर येऊन बसली. या घरात जर्मन बोलणारा दुसरा कोणी नव्हताच. ती म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यात मी म्हटलं होतं, कान सारखे आहेत. माझं चुकलं नव्हतंच."

"मला माहीत आहे."

"मी त्याला माफ केलं. तरुण होता, एकटा होता, घाबरला असेल." मग तिने विचारलं, "आम्ही राहतो ती खोली आधी कोणाची होती? कपाटात एका बाईची फणी आहे, कुंकवाची डबी आहे."

"माझ्या वहिनीची."

"म्हणजे तुमच्या दुसऱ्या भावाची बायको?"

"मला दुसरा भाऊ नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. समोर रस्त्यावर एक सायकलवाला कल्हई लावायची भांडी गोळा करत होता, त्याची आरोळी हळूहळू दूर गेली. मग ती उठली, माडीवर गेली आणि दार लावून घेतलं. रात्री ती जेवायला आली नाही. दादा आला, पानावर बसला, माझ्याकडे न बघता जेवला.

ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच ते निघाले. टांग्यात बसताना मुलीने आजीला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. आईने मला विचारलं, "काय म्हणते?"

"परत येईन म्हणते," मी म्हणालो. ती तसं म्हणाली नव्हती. इथे का आलो होतो, असं तिने विचारलं होतं.

टांगा वळणावर दिसेनासा झाल्यावर आई आत आली. भिंतीला धरून, चाचपडत. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. "तू काहीतरी बोललास तिला," ती म्हणाली. "तुला कोणाचं धड बघवतच नाही." त्या दिवसापासून, ती होती तोवर, वहिनी गेल्यापासून मीच घालत आलेलं डोळ्यांतलं औषध तिने माझ्या हातून घालून घेतलं नाही. शेजारच्या बाईला बोलवायची.